चांगलं आहे अजून

काचेचा नंबर वजा अडीच निघाला आणि त्याला उगीचच राग आला. आता नंबर निघाला यात रागावण्यासारखं काय होतं? चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून बावीस वर्षं काचा घासणाऱ्या माणसाने असले वजा अडीच पोत्याने पाहिलेले असतात. चष्मा यंत्राखाली धरायचा, चाक फिरवायचं, हिरव्या रेघा ठसठशीत दिसल्या की आकडा वाचायचा, कागदावर लिहायचा, संपलं. पण हा चष्मा गिऱ्हाइकाचा नव्हता. सकाळी बायकोने तो एका राखाडी मोज्यात गुंडाळून त्याच्या डब्याच्या पिशवीत घातला होता आणि ती म्हणाली होती, "नवी फ्रेम कशाला? ही चांगली आहे अजून. काचा तेवढ्या बदलून घ्या." मोजाही त्याचाच होता. त्याचा म्हणजे आधीच्याचा. तिचा पहिला नवरा, जो जाऊन सात वर्षं झाली होती आणि ज्याच्या जागी हा येऊन चार. वर्षभर हा चाळिशी लागल्याचं टाळत होता. पेपर हात लांब करून वाचायचा, दुकानात भिंगावर भागवायचा. शेवटी बायकोनेच फर्मान काढलं, आणि फर्मानासोबत ही फ्रेम. मोजा उलगडताना त्याला आधी वाटलं, बटाटा-बिटाटा असेल.

शेजारच्या चाकावर बसणारे दादा, म्हणजे दुकानातले सगळ्यात जुने कारागीर, मान न वळवता म्हणाले, "कुणाची रे?"

"घरची."

"घरची म्हणजे कुणाची?"

"माझीच समजा."

"बरं, समजलो," दादा म्हणाले. "फ्रेम जुनी, काचा नव्या. चालतंय की! निम्मं जग तसंच चाललंय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन त्यांनी चाकावर पाणी सोडलं. दादांच्या मनात काही नव्हतं. पण याला ते वाक्य जिथे लागायचं तिथे बरोबर लागलं.

वजा अडीच म्हणजे लांबचं दिसत नाही. जवळचं मात्र लख्ख दिसतं, चष्म्याशिवाय. रागाचं कारण हेच होतं, आणि ते कळल्यावर राग आणखी वाढला. याला स्वतःला अधिक दीड लागत होता. म्हणजे रस्त्यापलीकडची पाटी वाचता येते आणि हातातलं पुस्तक नाही. उशीवर बायकोचा चेहरा जवळ आला की वर्षभर तो धूसर होत चालला होता. नाक कुठे, ओठ कुठे हे सवयीने ठाऊक म्हणून ठीक, पण दिसायचं ते नुसतं सावळं, उबदार काहीतरी. आणि त्या माणसाला, रात्री चष्मा काढून ठेवल्यावरसुद्धा, नेमक्या त्याच अंतरावर सगळं दिसत असणार. पापणी न् पापणी. खालच्या ओठाशेजारचा बारीक तीळ, जो याला चार वर्षांत दोनदाच, दिवसाउजेडी, दाराजवळ दिसला होता. निसर्गानेच त्याला नवरा म्हणून अधिक लायक केलं होतं म्हणायचं! मेलेल्या माणसाशी कसली बरोबरी, असं याने मनाला बजावलं. पण मन काय ऐकतंय? त्याने काचा अंगठ्याने दाबून बाहेर काढल्या आणि रिकाम्या फ्रेमची काडी उजेडात धरली. काडीच्या टोकाला, कानामागे जाते तिथे, दातांच्या खुणा होत्या. नकाशे काढायचा तो, एका सरकारी कचेरीत. रेघ मारताना चष्मा काढून काडी चावत बसत असेल. चार दात, अगदी स्पष्ट.

बायकांना सवत तरी असते. शिव्या घालायला, नाक मुरडायला, निदान तिच्याकडे पाहून केस नीट करायला. पुरुषाच्या या नात्याला भाषेत धड शब्दही नाही, तर तक्रार कुणापाशी करायची? आणि काय म्हणून? लग्न केलं तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा, कुणाच्या तरी माडीवरच्या खोलीत एकटा राहणारा. दोन पिशव्या घेऊन तो त्या घरात आला. घर तयार होतं. दारामागे खुंटी होती, तिच्यावर लगेच शर्ट अडकवता आला. पलंगाची उजवी बाजू रिकामी होती, गादीत एका माणसाएवढा खळगाही आयता पडलेला, तिथे तो झोपला. पहिले काही महिने तो धन्य धन्य होऊन वावरला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसा, पण नागोबाचा फणा नसलेला. मग हळूहळू त्याच्या लक्षात यायला लागलं, की या घरात ज्याला हात लावावा ते आधीचंच आहे. ओट्यावर फडकं, तो त्याचा निळ्या चौकड्यांचा शर्ट. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची पिशवी, ती त्याच्या विजारीचा खिसा, तळाशी टीप मारलेला. कांद्यांची पिशवी ही त्याच विजारीचा एक पाय. पडदा बाजूला बांधून ठेवायला टाय. ट्रंकेची कडी म्हणून पट्ट्याचा तुकडा. शाईच्या बाटल्यांत बटणं, दाढीच्या ब्रशने शिवणयंत्राची धूळ, नकाशे ठेवायच्या नळकांड्यात विणायच्या सुया. माणूस एकदा मरतो म्हणतात. हा घरभर पसरला होता, आणि सगळीकडे कामाला लागला होता.

बायकोला कंजूष म्हणायची सोय नव्हती. ती इस्पितळाच्या कापडखोलीत होती, धुऊन आलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले दुरुस्त करायला, आणि तिथे कापड टाकून देणं हा गुन्हाच. चादर मधे विरली की ती मधोमध फाडायची, धडधाकट कडा मधे घेऊन जोडायच्या आणि विरलेला भाग कडेला सारायचा. याला ती दंड घालणं म्हणायची. दंड घातलेली चादर विरली की तिचे अभ्रे, अभ्र्यांच्या पट्ट्या, पट्ट्यांनंतर पुसणी. एकदा तो तिला न्यायला गेला होता तेव्हा त्याने ती कापडखोली पाहिली: उंच खिडकी, साबणाचा वाफाळ वास, आणि पांढऱ्या ढिगामागे बसलेली ती, एक चादर उजेडासमोर धरून कुठे झिरझिरीत झाली आहे ते पाहणारी. किती वेळ ती तशीच पाहत होती. आपल्याकडे हिने असं कधी पाहिलंय का, असा विचार तेव्हा त्याच्या मनात येऊन गेला होता, आणि चादरीचा हेवा करणारा आपण पहिलेच, म्हणून तो स्वतःशी हसलाही होता. आता हसू येत नव्हतं. प्लॅस्टिकची फ्रेम वाकवायला ती गरम वाळूच्या डब्यात क्षणभर खुपसतात. क्षणभरच, जास्त ठेवली तर तिला फोड येतात, ती मेणासारखी लोळागोळा होते. हे त्याला झोपेतही चुकलं नसतं. त्याने दातांच्या खुणांची काडी वाळूत खुपसली, आणि शंभरपर्यंत आकडे मोजले, सावकाश, कामगाराने जेवणाची सुट्टी मोजावी तसे.

"अगं, ती फ्रेम गेली," संध्याकाळी तो म्हणाला. "जुनं प्लॅस्टिक. तापवताना वितळलं."

बायको भाजी चिरत होती. तिने क्षणभर सुरी थांबवली. "गेली का? बरं. स्क्रू काढून ठेवलेत ना?"

"स्क्रू?"

"बारीक स्क्रू असतात दोन. उपयोगी पडतात." आणि सुरी पुन्हा चालू. बस्स, एवढंच! तो मनातून रडारड, चिडचिड, निदान एखादा उसासा यांच्या तयारीने आला होता. आठ दिवस पुरेल एवढं खोटं त्याने वाटेत पाठ केलं होतं. काहीच लागलं नाही. त्याला इतकं हलकं वाटलं, की जेवताना त्याने दोनदा वाढून घेतलं. आणि त्या हलकेपणातूनच पुढचं सगळं निघालं. चोराला पहिलं घर सोपं गेलं की गाव लहान वाटायला लागतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दाढीचा ब्रश नेला. डब्याच्या पिशवीत, रुमालाखाली. दुकानाच्या अलीकडे वळणावर कचऱ्याची मोठी कुंडी होती, तिच्यात चालता चालता टाकला आणि मागे न बघता पुढे गेला, आणि दिवसभर हात कसे छान चालले. मग टाय. मग नळकांडं, ते पिशवीत मावेना म्हणून छत्रीसारखं काखेत धरून. घरात पडदा सुतळीने बांधलेला दिसला, सुया बरणीत उभ्या दिसल्या; बायको काही बोलली नाही. तिला कळलं नसेल असं तो धरून चालला, जरी ज्या बाईला विरलेला धागा हाताला कळतो तिला आख्खा टाय गेलेला कळणार नाही हे त्याचं त्यालाही पटत नव्हतं. तिचं गप्प राहणंही त्याला खुपायला लागलं. का बोलत नाही? काय लपवते? त्याने स्वतःसाठी नव्या फ्रेमचा चष्मा केला, काळा, जरा महागातला, आणि पहिल्यांदा घातला तो घरी, ती शिवत बसली होती तेव्हा. चेहरा एकदम समोर आला. तीळ होता. डोळ्यांखाली बारीक जाळं होतं, हनुवटीवर एक पांढरा केस. "कसा दिसतो?" त्याने विचारलं. "मास्तरासारखे," ती म्हणाली, "कान धराल असे." ती हसली आणि तिचे दात, एक दुसऱ्यावर किंचित चढलेला, हेही त्याने पाहून घेतलं. किती उशिरा पाहतोय आपण, असं त्याला झालं. मग त्याच चष्म्यातून त्याला तिच्या मांडीवरचं फडकं दिसलं. निळ्या चौकड्या जवळजवळ उडाल्या होत्या, कापडातून पलीकडची बोटं दिसत होती, आणि ती त्यालाही कडेने टीप घालत होती. इतकं! चिंधीची चिंधी झाली तरी हिला त्याला सोडवत नाही. आपण मेलो तर ही आपल्या किती चिंध्या जपेल? एकही नाही, त्याने स्वतःच उत्तर दिलं, कारण आपल्या कपड्यांचं या घरात काय होतं हे आपल्याला माहीतही नाही.

आणि मग थंडी पडली आणि कोट बाहेर आला. कोट हा त्या माणसाच्या वस्तूंतला राजा होता. जाड, गडद करडा, लोकरीचा. आत गुळगुळीत तपकिरी अस्तर, ज्याला अजून एक भोकही नव्हतं. गेल्या वर्षी बायकोने तो याच्या मापाचा केला होता, कारण आधीचा उंच होता. बाह्या दोन बोटं आत घेतल्या होत्या, खांदा उसवून पुन्हा बसवला होता. तेव्हा त्याला ते प्रेमच वाटलं होतं. गुडघ्यावर बसून, तोंडात टाचण्या धरून ती त्याच्याभोवती फिरली होती, आणि "हलू नका हो, टोचेल" म्हणत तिने त्याला लहान पोरासारखा दोन्ही दंडांना धरून वळवला होता. असं तिने पुन्हा कधी धरलं नव्हतं. या वर्षी पहिल्याच सकाळी तो कोट घालून जिना उतरत होता, तर मागून समोरच्या घरातल्या मावशी, साठीच्या, दमेकरी, गेला हिवाळा लेकीकडे काढून आलेल्या, "अगंबाई!" म्हणून कठडा धरून खालीच बसल्या. तो धावत वर गेला. "काही नाही हो, काही नाही," त्या छातीला हात लावून म्हणाल्या. "मागून पाहिलं आणि काळजात चर्र झालं. वाटलं, तेच निघाले कचेरीत. पुढून तुम्ही तुम्हीच आहात म्हणा." पुढून तुम्ही तुम्हीच आहात! दिवसभर ते वाक्य त्याच्या डोक्यात चाकासारखं फिरलं. म्हणजे सकाळी तो निघतो तेव्हा दारात उभी राहून बायको कुणाची पाठ पाहते? रोज पाहते ती. जिन्याच्या वळणापर्यंत. त्याला वाटायचं आपल्यासाठी उभी राहते. बाह्या आत घेतल्या, खांदा बसवला, टाचण्या तोंडात धरून इतकी मेहनत घेतली, ती कुणाला उभं करायला? अंगाचा तिळपापड झाला त्याच्या. जळत होता तो, सरळ शब्दांत सांगायचं तर. कोट अंगावर असूनही दातावर दात वाजत होते. त्या दिवशी त्याच्या हातून दोन काचा फुटल्या. "घरी भांडलास काय?" दादांनी विचारलं. "कुणाशी भांडू?" तो म्हणाला. मंगळवार होता. संध्याकाळी वळणावर त्याने कोट काढला, नीट घडी घातली, का घातली कोण जाणे, आणि कुंडीच्या कडेवरून आत सोडला. मग नुसत्या शर्टावर, काखेत हात खुपसून, तो घरी चालत गेला आणि वाटेत दोनदा त्याला मोठ्याने हसू आलं.

बुधवारी ती दारात यायच्या आतच तो निघून गेला. गुरुवारी दुकान बंद असतं. बायकोचीही दुपार मोकळी होती. जेवणं झाली. ती कपाटापाशी गेली, दाराच्या खुंटीपाशी गेली, पलंगाखाली वाकली. मग खुर्ची ओढून त्याच्या समोर येऊन बसली.

"कोट कुठंय?"

दुकानात विसरलो, हे उत्तर तयार होतं. पण तो म्हणाला, "टाकला."

"कुठे?"

"कुंडीत. दुकानाजवळच्या."

"कधी?"

"मंगळवारी."

"म्हणजे गेला." तिने हात मांडीवर ठेवले. "बाकीचंही तुम्हीच ना? टाय, नळी, ब्रश?"

"हो."

"आणि चष्मा?"

"तोही. मुद्दाम वितळवला." एकदा बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना. "मला सहन होत नाही ते. जिथे हात लावावा तिथे तो. पुसायला तो, भरायला तो, बांधायला तो. मावशी म्हणतात मागून मी तोच. चार वर्षं झाली, मला वाटलं होतं कधीतरी संपेल. तू त्याच्या चिंध्यांनासुद्धा टिपा घालतेस! तुला त्याला सोडवत नाही, मग मला कशाला आणलंस?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली, उजेडासमोर चादर धरून पाहायची तशी. तिला राग आलेला नव्हता, आणि त्यामुळे तो अधिकच घाबरला.

"अहो, सोडतच तर होते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ते गेले तेव्हा कपाट भरलेलं होतं. बहीण म्हणाली, उचल आणि देऊन टाक सगळं. मी एक शर्ट दिलाही. आठ दिवसांनी बाजारात एकाच्या अंगावर दिसला. त्या माणसामागून दोन गल्ल्या चालत गेले मी, वेड्यासारखी. तेव्हा ठरवलं, द्यायचं नाही आणि टाकायचं तर मुळीच नाही. टाकलं की ते तसंच राहतं. शर्ट शर्टासारखा, कोट कोटासारखा, डोळ्यासमोर. वापरलं की संपतं. शर्टाचं फडकं केलं, फडक्याचं पोतेरं झालं. आता तो शर्ट आठवून पाहते तर आठवत नाही. खरंच नाही आठवत. पोतेरंच आठवतं. कापडखोलीत आम्ही तेच करतो. त्या चादरींवर कोण कोण गेलेलं असतं, तुम्हाला काय सांगू. धुवायचं, फाडायचं, जोडायचं, पुन्हा वापरायचं. शेवटी नुसतं कापड उरतं, मग तेही उरत नाही."

"मला सांगायचंस."

"काय सांगायचं? नवऱ्याला सांगायचं, की मी दुसऱ्याला झिजवतेय म्हणून? सगळं संपत आलं होतं हो. कोट तेवढा होता. त्याचं मला भय होतं, कारण तोच सगळ्यात चांगला. म्हणून तुमच्या मापाचा केला. म्हटलं, दोन हिवाळे तुमच्या अंगावर गेला की तुमचा होईल. कोपरं तुमची पडतील, वास तुमचा लागेल. गेल्या वर्षी निम्मा झाला होता. दारात उभी राहून बघायचे मी रोज, किती झालाय ते."

बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, धप् धप्. चार वर्षांत त्याने तिला त्या माणसासाठी रडताना पाहिलं नव्हतं. रात्री कान देऊन ऐकलं होतं त्याने, लाजिरवाणं असलं तरी खरं, आणि कधी हुंदका आला नव्हता. आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आवाज न करता, आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. तो उठला, पाण्याचा पेला भरून आणला. तिने तो घेतला आणि नुसताच हातात धरून ठेवला.

"अस्तराला काही झालं नव्हतं ना?" तिने विचारलं.

"नाही."

"बटणं?"

"सगळी होती."

"घडी घालून टाकलात, की तसाच?"

"घडी घालून."

तिने मान हलवली. बघता बघता तिचा चेहरा बदलत गेला, कपाळ मोकळं झालं, आवाज खाली आला, आणि ती कुठेतरी त्याच्या खांद्याच्या पलीकडे पाहायला लागली. "पहिल्या पगारवाढीचा घेतला होता तो," ती म्हणाली. "मी म्हणत होते काळा घ्या, यांना करडाच हवा. आरशासमोर उभं राहून मलाच विचारत होते, कसा दिसतो, कसा दिसतो. दुकानदारसुद्धा हसला." तिने हे कधीच सांगितलं नव्हतं. थांब, असं त्याला म्हणावंसं वाटलं, पण थांब म्हणायला तोंड उरलं नव्हतं. ती सांगत राहिली. घरी येताना बसमध्ये तो चुरगळू नये म्हणून ते उभेच कसे राहिले, आणि तिने किती समजावलं, आणि शेवटी तीही उभी राहिली. दुपार सरत आली तरी ती सांगतच होती. मधेच ती पेल्यातलं घोटभर पाणी प्यायली आणि त्याच्याकडे पाहून, जणू आताच ओळख झालेल्या माणसाला सांगावं तसं, म्हणाली, "फार शोभायचा हो त्यांना."